घरच्या दप्तराचे मोडी वाचन: एका स्थानिक अभ्यासकाच्या कामाविषयी अभिप्राय

आमच्या घराण्याकडे सातारा जिल्ह्यातील एका गावचे कुलकर्णी वतन, म्हणजे गावचे हिशेब लिहिण्याचा वंशपरंपरागत हक्क, होते. १ मे १९५१ पासून ही वतने कायद्याने संपली, पण दप्तर, म्हणजे जुने कागद, माळ्यावर रुमालांत बांधलेले राहिले आणि मोडी वाचणारी पिढी गेल्यावर त्याला कोणी हात लावला नाही. त्यातला पहिला रुमाल आम्ही वाईच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे वाचण्यासाठी सोपवला. परिसरातील शिलालेख आणि घरोघरचे कागद टिपण्यात त्यांचे आयुष्य गेले असून स्वतःच्या कुळाचा वृत्तांतही त्यांनीच सिद्ध केला आहे. नाव जाहीर करू नये अशी त्यांची इच्छा आहे.

त्यांनी रुमाल सोडला तो कागदांचा मूळ क्रम लिहून घेतच, कारण कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता, हादेखील पुरावा असतो. प्रत्येक कागदाला क्रमांक, छायाचित्र, दोन ओळींचा सारांश आणि मग अक्षरशः देवनागरी लिप्यंतर, अशी त्यांची पद्धत आहे. मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे एकच नाव दोन प्रकारे लागू शकते; अशा ठिकाणी ते दोन्ही वाचने देतात आणि फाटलेला मजकूर अंदाजाने भरत नाहीत. तारखांचे कामही असेच चोख आहे. आमच्या एका महजरावर (निवाड्याच्या कागदावर) ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असे साल आहे, म्हणजे शुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहिली जाणारी मराठेशाहीतील कालगणना) ११७२. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, मे-जूनच्या सुमारास, सुरू होत असल्याने इसवी सन काढताना डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. त्यांनी आधी महिना पाहिला आणि मगच इसवी सन लिहिला.

आमचे एक पूर्वज सदाशिवराव भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर होते, असे घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. गुरुजींनी दप्तर तपासले, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी पाहिली, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडातील १७५० ते १७६१ ची पत्रेही चाळली आणि वंशावळीत त्या नावापुढे ‘लेखी आधार आढळला नाही’ एवढेच लिहिले. आमच्या काकांना ते लागले. मला मात्र हे वाक्य साऱ्या कामात सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यामुळेच उरलेल्या नोंदींवर विश्वास ठेवता येतो.

उणिवा आहेत. छायाचित्रे फोनवर, पिवळ्या दिव्याखाली काढलेली असून काहींत समास कापले गेले आहेत, आणि शेरे बहुधा पाठीवर असतानाही काही कागदांची मागील बाजू घेतलेली नव्हती. सांगितल्यावर त्यांनी ती पुन्हा काढून दिली. मुदत ते आधी सांगत नाहीत, आणि काम लांबते. फाटक्या कागदांची दुरुस्तीही ते करत नाहीत. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, आणि असे कागद प्रशिक्षित जतनतज्ज्ञाकडे न्या, असे स्पष्ट सांगतात.

भिंतीवर लावण्यासाठी रंगीत वंशवृक्ष हवा असणाऱ्यांनी त्यांच्याकडे जाऊ नये. ज्यांच्या घरी न वाचलेले दप्तर आहे आणि त्यात जे निघेल ते स्वीकारायची तयारी आहे, त्यांनी मात्र आपल्या भागातला असा अभ्यासक अवश्य शोधावा, आणि काम देण्यापूर्वी त्याने केलेले एखादे लिप्यंतर मूळ कागदाशेजारी ठेवून पाहावे. जमाखर्चाच्या कीर्दींचा (रोजच्या नोंदवह्यांचा) दुसरा रुमाल आम्ही पावसाळा सरल्यावर याच गुरुजींकडे देणार आहोत.