टमी टक मनासारखा झाला नाही: परत त्याच सर्जनकडे जावं, की दुसऱ्याकडे?

दोन बाळंतपणं, दोन्ही सिझेरियन. पोटाची कातडी लोंबत होती, स्नायू मधोमध फाकले होते. टमी टक, म्हणजे जास्तीची कातडी काढून पोटाचे स्नायू शिवायचं ऑपरेशन, करून घेतला. पट्टा सुटल्यावर आरशात पाहिलं तर टाक्याच्या दोन्ही टोकांना कातडीचे उंचवटे उभे. सर्जन त्याला ‘डॉग इअर’ म्हणतात. परभणीत घरी बोलायची सोय नव्हती. ‘एवढा पैसा घातला आणि वर रडतीय’ हे ऐकायचं नव्हतं. तुमचंही असंच झालं असेल, तर मी तेव्हा जे पर्याय ताडून पाहिले ते सांगते.

सर्वात आधी दिवस मोजा. सूज 3 ते 6 महिने राहू शकते, संध्याकाळी जास्त जाणवते. व्रण मऊ आणि फिका व्हायला 12 ते 18 महिने लागतात. म्हणून दुरुस्तीचं ऑपरेशन सहसा किमान सहा महिने, बऱ्याचदा वर्षभर थांबून करतात. तिसऱ्या महिन्यात मला जे खुपत होतं, त्यातलं निम्मं आपोआप गेलं. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा, नाहीतर फरक कळतच नाही.

हे थांबणं फक्त दिसण्यापुरतं. ताप, पू, घाण वास, काळी पडणारी कातडी, कातडीखाली पाणी भरून डबडबणं, एका पोटरीला सूज किंवा दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरीतली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं.

पहिले सहा आठवडे जड उचलायचं नसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की घरातली बाईच हंड्याला हात घालते. आतले टाके त्यानं ताणतात. मिश्री, तंबाखूसुद्धा बंद हवी. निकोटिननं कातडीचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरत नाही. हे मला आधी कुणीच विचारलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

आता सर्जनचं. पहिल्याच सर्जनकडे परत जाण्यात मोठा फायदा हा की आत काय शिवलंय, किती कातडी काढली, हे त्याला माहीत असतं. काही जण दुरुस्तीची स्वतःची फी घेत नाहीत, पण थिएटर, भूल आणि औषधांचा खर्च उरतोच. तो लिहून मागा. तोटा एकच, पण मोठा: ‘छान झालंय, तुम्हाला उगाच वाटतं’ असं म्हणून तुम्हाला वाटेला लावणारा माणूस दुसऱ्यांदाही ऐकणार नाही.

दुसरा सर्जन कोऱ्या नजरेनं पाहतो. पण फी पूर्ण भरावी लागते, आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्य विमा सहसा मिळत नाही. त्याच्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी असावी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणीही पाहून घ्या. पुण्या-मुंबईचं नाव मोठं, पण ड्रेसिंगला, पाणी काढायला दर खेपेला रात्रभर प्रवास करून जाणार का? संभाजीनगरला जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. माझ्या मते किरकोळ दुरुस्तीला जवळचा चांगला सर्जनच बरा.

खरं तर दोष कोणता, यावरच निम्मा निर्णय ठरतो. टोकाचे उंचवटे किंवा जाड व्रण असेल तर आधी पहिल्याकडे जा. जाड व्रणाला सिलिकॉन जेल किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शनही चालतं. बेंबी सरकली, स्नायूंची शिवण सैल झाली, लायपोसक्शननं (नळीनं चरबी ओढून काढताना) खड्डे पडले, तर दुसऱ्याचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. आणि पोट आतड्यांभोवतीच्या चरबीनं पुढे आलं असेल तर दोघांपैकी कुणाचीही सुरी तिथं पोचत नाही. तिथं वजनच उतरवावं लागतं.

तक्रारीचा मार्ग वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र ऑपरेशननंतरचं पोट आवडलं नाही एवढ्यानं हलगर्जी सिद्ध होत नाही. मुदत 2 वर्षांची. डॉक्टर वर्षभर थांबा म्हणतात, तेव्हा त्यातलं एक वर्ष तिथंच सरतं. म्हणून उपचाराचे कागद आजच मागा. लेखी मागणीनंतर 72 तासांत ते देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

मी संभाजीनगरला फक्त तपासणीची फी भरून दुसरं मत लिहून घेतलं आणि तो कागद पहिल्या सर्जनपुढे ठेवला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. अकराव्या महिन्यात जागेवरची भूल देऊन दोन्ही टोकं काढली. व्रण दोन्हीकडे बोटभर लांबला. तो किती लांबेल, हे आधी पोटावर पेनानं आखून दाखवायला सांगा.