शॉवरमागची ओल: पॉलिमर लेप आणि एपॉक्सी ग्राउट, एका पावसाळ्यानंतर

ठाण्यातील आमच्या जुन्या घरात दोन्ही न्हाणीघरांच्या शॉवरच्या भिंतींपलीकडे झोपण्याच्या खोल्या आहेत. त्या बाजूने लोणा लागून रंगाचे पोपडे सुटू लागले, तेव्हा फेब्रुवारीत दोन ठिकाणी दोन निरनिराळे उपाय केले. मोठ्या न्हाणीघरात टाइल्स उखडून भिंतीला दोन घटकांचा पॉलिमर-सिमेंट लेप दिला आणि त्यावर नव्या टाइल्स बसवल्या. लहान न्हाणीघरात टाइल्स तशाच ठेवून सांध्यांतले सिमेंट खरवडले आणि एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे बुजवण्याचा रेझिनचा मसाला, भरले. त्याआधी प्लंबरकडून नळवाहिन्यांची दाबचाचणी करून घेतली होती, कारण भिंतीतली पाइपच गळत असेल तर या दोन्हींवरचा खर्च वाया जातो.

टाइल्स निघाल्यावर ओलीचे कारण समोरच दिसले. प्रत्येक टाइलच्या मागे मधोमध मालाचा थापा होता आणि कोपरे पोकळ होते. सिमेंटच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी त्या पोकळीत साचत असे. पुढून टाइलची चकाकी त्याला वाळू देत नसे, म्हणून ते गिलाव्यातून आणि विटांतून पलीकडच्या खोलीकडे सरकत असे.

गवंड्याला दुसऱ्याच दिवशी लेप द्यायचा होता. हा लेप देण्यापूर्वी भिंतीवर पाणी शिंपडतात हे खरे. परंतु पृष्ठभाग ओलसर असणे आणि भिंत आतून भिजलेली असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. उघड्या विटांवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवला असता आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमले, तेव्हा पंखा लावून भिंत वाळू दिली आणि थेंब जमेनासे झाल्यावरच नवा गिलावा आणि त्यावर लेप करवून घेतला. लेपाचे दोन हात एकमेकांना आडवे दिले, कोपऱ्यांत काचतंतूंची जाळी घातली आणि जमिनीवर ४८ तास पाणी तुंबवून पाहिले. नव्या टाइल्स दातेरी करणीने पसरलेल्या चिकटद्रव्यावर पूर्ण टेकवून बसवल्या आहेत, त्यामुळे ठोकून पाहिल्यास कुठेही पोकळ आवाज येत नाही. पलीकडची भिंत उन्हाळ्यात वाळली, मे महिन्यात रंगवली आणि संपूर्ण पावसाळ्यात तिच्यावर एकही डाग उमटला नाही.

लहान न्हाणीघराबाबत माझे मत संमिश्र आहे. एपॉक्सी जवळजवळ पाणी शोषत नाही, साबणाने काळवंडत नाही आणि घासायला सोपे जाते. या बाबतीत ते सिमेंटच्या ग्राउटपेक्षा निर्विवाद सरस आहे. मात्र ते पाणी आत जाऊ देत नाही, तसेच आधीचे बाहेरही येऊ देत नाही. भिंतीत अडकलेल्या ओलीला केवळ खोलीकडची वाट उरल्यामुळे तिकडचा लोणा सुरुवातीला वाढला. आता तो कमी झाला असला तरी रंग लावण्याइतकी ती भिंत अजून कोरडी नाही. मिसळल्यावर एपॉक्सी लवकर घट्ट होते आणि टाइलवर राहिलेला त्याचा थर वेळीच पुसला नाही, तर तो निघता निघत नाही. आमच्याकडे नळाखाली असा एक धुरकट पट्टा कायमचा राहिला आहे.

ज्यांच्या टाइल्स ठोकल्यावर ठिकठिकाणी पोकळ वाजतात, त्यांनी केवळ सांधे भरण्यावर पैसे घालू नयेत, असे मला वाटते. टाइल्स पक्क्या असतील आणि केवळ सांधे झिजले असतील, तर एपॉक्सीचा विचार अवश्य करावा. मात्र भरण्यापूर्वी जुने सांधे खरवडून ते न्हाणीघर काही आठवडे वापरातून काढून ठेवणे शक्य आहे का, हे आधी पाहावे. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एपॉक्सी भरू देऊ नये, कारण ते ताठर असते आणि दोन्ही पृष्ठभाग किंचित हलतात. आमच्या तिथे केसाएवढी भेग पडली, म्हणून आता तेवढा सांधा कोरून त्यात बुरशीरोधक सिलिकॉन भरायचे ठरवले आहे.