दोघांच्या घरातला पहिला आश्विन: काय घरी करायचं, काय आणायचं

माझ्या मामेबहिणीचं फेब्रुवारीत लग्न झालं. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे. ती शाळेत शिकवते, तो चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर जातो. परवा तिचा फोन आला. "ताई, घट बसवू का नको? फराळ घरी करू का सांगून टाकू? आई म्हणते बाळीवेशीत या, सासूबाई म्हणतात मंगळवेढ्याला या, आणि आम्हाला वाटतंय यंदा आपल्याच घरात करावं."

मी म्हटलं, "कर की, त्यात काय." फोन ठेवल्यावर वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. आमचा पहिला आश्विन मला चांगला आठवतो. सगळं घरी करायचं असा हट्ट मीच धरला होता. धनत्रयोदशीच्या रात्री एक वाजता मी अनारसे तळत होते आणि एकालाही जाळी पडत नव्हती. नवरा ओट्याला टेकून "मी काय करू?" असं तिसऱ्यांदा विचारून झोपायला गेला. चूक त्याची नव्हती. अनारशाच्या कढईपाशी दुसऱ्या माणसाला खरंच काही काम नसतं.

त्यानंतरच्या तीन वर्षांत आमचा हिशेब पक्का होत गेला. ज्या कामाला चार हात लागतात ते घरी. ज्यात एकाचेच दोन हात राबतात आणि दुसरा नुसता उभा राहतो, ते आणायचं. पुढची तुलना याच मापाने केलेली आहे. तुमच्या घरी दोघांपैकी एकाला एकट्याने स्वयंपाकघरात रमायला आवडत असेल, तर माझं माप तुम्हाला लागू नाही.

आधी पंचांग

यंदा, म्हणजे २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण उशिरा आलेत. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ला, कोजागरी २५ ला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. याचा एक फायदा आहे. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात बंद स्वयंपाकघरात कढईसमोर उभं राहणं म्हणजे शिक्षा. नोव्हेंबर उजाडेपर्यंत सकाळ-संध्याकाळ हवा उतरलेली असते, तळण त्या मानाने सुसह्य होतं.

घट की बतुकम्मा

हा प्रश्न सोलापुरातच पडू शकतो. माझं माहेर मराठी, सासर पूर्व भागातलं पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांचं. माहेरी नऊ दिवस घट, सासरी भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा सण. पहिल्या वर्षी दोन्ही करायला निघालो आणि दोन्ही अर्धवट झाली.

घट वरून सोपा दिसतो. पत्रावळीवर वावरी, म्हणजे शेतातली माती, पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, वर विड्याची पानं आणि नारळ. सामान मधल्या मारुतीच्या बाजारात एका फेरीत मिळतं. अवघड आहे ते पुढचे नऊ दिवस. रोज एक माळ. पाणी हातानेच शिंपडायचं, जास्त झालं की धान्य कुजतं. आणि अखंड दिवा. दोघंही सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सहाला येत असाल, तर बंद घरात दिवसभर पेटती वात ठेवणं मला पटत नाही, कुणी कितीही "देवी बघून घेते" म्हटलं तरी. पितळी थाळीत, पडद्यापासून लांब, काचेची चिमणी लावून ठेवतात. तरी दुपारी शाळेत बसून लक्ष त्या वातीकडेच.

शिवाय घट ही हौसेने सुरू करून पुढच्या वर्षी सोडून द्यायची गोष्ट नाही, असं मानणारी घरं पुष्कळ आहेत. मूळ घरी घट बसत असेल तर वेगळा बसवायचा का, हे आधी सासूबाईंना विचारा. इंटरनेटला विचारू नका.

बतुकम्माचं उलटं आहे. घरी एक दुपार पुरते. ताटात पानं अंथरून फुलांचे थर रचत वर निमुळतं न्यायचं आणि शेंड्यावर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौरी, ठेवायची. हे काम शंभर टक्के चार हातांचं आहे. एकाने देठ सारखे कापून द्यायचे, दुसऱ्याने रचायचं, नाहीतर तिसऱ्या थराला सगळं कलंडतं. पण संध्याकाळी ती घेऊन बाहेर पडावंच लागतं. चार बायका गोल धरून टाळ्या देत गाणी म्हणत नाहीत, तोवर ती नुसती फुलांची रास. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये एकटीने बतुकम्मा होत नाही. त्यासाठी अशोक चौकाकडे, आपल्या माणसांत जावं लागतं.

मला गंमत वाटते ती फुलांची. अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्याला तंगेडू म्हणतात तो आपला तरवडच. माझी आई घटाला त्याच पिवळ्या फुलांची माळ घालते. गावाबाहेर माळरानावर ही झुडपं या दिवसांत फुललेली असतात. एका रविवारी सकाळी स्कूटरवरून जाऊन पिशवीभर तरवड आणि कुर्डू आणायचं, अर्धं माहेरी, अर्धं सासरी. आमच्या नवरात्रातला सगळ्यात आनंदाचा भाग आता तोच आहे.

माझं मत: पहिल्या वर्षी घट बसवू नका. घरात देवीपुढे संध्याकाळी दोघं घरी असताना दिवा लावा, उठता-बसता उपवास धरा आणि आईच्या घटासाठी कडाकण्या करून न्या. कणीक-रव्याचं गोड घट्ट पीठ. एकाने पातळ लाटायचं, दुसऱ्याने तळायचं, आणि वर टांगण्यासाठी भोक पाडायला विसरायचं नाही. आम्ही विसरलो होतो.

दसऱ्याला आपट्याची पानं घेताना बघून घ्या, कांचनची मोठी पानं आपटा म्हणून खपवली जातात. बाकी दसऱ्याचं काही ठरवावं लागत नाही. पुरणपोळी आणि कटाची आमटी आईकडे जाऊन खायची.

कोजागरी: गच्ची की तुळजापूरची वाट

दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी पौर्णिमेपर्यंत निद्रेत असते, आणि कोजागरीला सोलापुरातून माणसं पायी तुळजापूरला निघतात. अंतर साधारण ४५ किलोमीटर. सोलापुरातल्या रूपाभवानीला हात जोडून निघायचं आणि रात्रभर चालायचं. रस्ता माणसांनी भरलेला असतो. कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी पाय चेपून देतं.

दुसऱ्या बाजूला गच्चीवरचं मसाला दूध. दोघांना पाऊण लिटर पुरतं. आटवून वेलची, जायफळ, केशर, भरडलेले बदाम-पिस्ते घालायचे. चंद्र दुधात दिसेपर्यंत थांबायचं आणि मधल्या वेळात इमारतीतल्या ज्या शेजाऱ्यांशी आठ महिन्यांत बोलणं झालं नाही त्यांच्याशी बोलायचं.

आम्ही दुसऱ्या वर्षी चालत गेलो. वाटेतल्या तामलवाडीपर्यंत खूप बोललो. नोकरीपासून मुलांपर्यंत जे विषय घरात अर्धे राहतात ते त्या रस्त्यावर पूर्ण झाले. तामलवाडीनंतर कुणीच काही बोललं नाही, कारण माझ्या टाचेला फोड आला होता आणि त्याने नवे बूट घातले होते. जायचं असेल तर जुनी, रुळलेली चप्पल किंवा बूट घाला. पाठीवर शक्य तितकं कमी घ्या आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाका. यंदा कोजागरी रविवारी आहे, म्हणजे सोमवारी शाळा. बहिणीला मी गच्चीच सांगितली. पण दोघांनाही सोमवारी रजा मिळत असेल, तर गच्ची पुढच्या वर्षीही तिथेच आहे, वाट धरा.

फराळ

इथेच खरी घालमेल असते. पर्याय तीन: सगळं घरी, घरगुती फराळ करणाऱ्या बायकांना सांगणं, किंवा दुकानातून तयार. तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही. दुकानातला फराळ वाईट नसतो, पण सगळ्यांच्या घरी तोच असतो. आपला डबा शेजारी गेला की त्यांच्या डब्यात तेच दिसतं. घरगुतीवाल्यांना मात्र दसऱ्याच्या आसपासच सांगून ठेवा, दिवाळीच्या आठवड्यात त्या नवीन कुणाचं घेत नाहीत.

आता एकेक पदार्थ.

शंकरपाळी घरीच करा. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप गरम करून विरघळवायचं, गार झाल्यावर मावेल तेवढा मैदा. एकाने लाटून कातायचं, दुसऱ्याने तळायचं. स्वयंपाक न येणाऱ्या नवऱ्याला कातणं देता येतं. वाकडी तिकडी झाली तरी चवीत फरक पडत नाही.

चिवडा घरीच, आणि यात सोलापूरकरांचा हात कुणी धरू नये. पातळ पोहे दुपारी गच्चीवर पसरले की आपलं ऊन तासाभरात ते कुरकुरीत करून देतं, गॅसवर भाजत बसावं लागत नाही. तेवढा वेळ एकाने कावळे हाकायचे. शेंगदाणे हात आखडून घालू नका. ज्या गावात शेंगाच्या चटणीशिवाय ताट पुरं होत नाही, तिथे चिवड्यात शेंगदाणे शोधावे लागले तर लाज वाटते.

करंजी हा खरं तर दहा हातांचा पदार्थ. एकत्र कुटुंबात दुपारभर बायका बसून करायच्या. दोघांना झेपते ती पंचवीस-तीस, त्यापुढे पारी वाळते, सारण सांडतं आणि बोलण्याचा सूर बदलतो. पंचवीस करा. ओल्या फडक्याखाली ठेवा आणि भरून लगेच तळा.

चकलीवर आमचं अजून एकमत नाही. भाजणी हा सापळा आहे: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, वर धणे-जिरे. हे सगळं धुऊन, वाळवून, वेगवेगळं भाजून गिरणीवर न्यायचं, आणि दिवाळीच्या तोंडावर गिरणीत रांग. भाजणी विकत आणा आणि सोऱ्या घरी फिरवा, असं मी म्हणते. एकाने पाडायच्या, एकाने तळायच्या, म्हणजे चार हात होतात. नवऱ्याचं म्हणणं, विकतच्या भाजणीत चकली मऊ पडते. मला वाटतं मऊ पडते ती तळताना घाई होते म्हणून. मोहन कडकडीत असावं आणि तेल तापल्यावर आच मध्यम.

अनारसे विकत आणा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवून ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. एवढं करूनही तो तुपात विरघळणार की जाळी धरणार हे तोच ठरवतो. शिवाय यंदा अधिक महिना होऊन गेलाय. बहिणीच्या नवऱ्याला जूनमध्येच जावई म्हणून तेहतीस अनारशांचं वाण मिळालंय. त्याला पुन्हा तेच खायची एवढ्यात हौस नसणार.

लाडू आईकडून आणा. यात तुलना करण्यासारखं काही नाही.

प्रमाण मात्र आवरा. दोघांच्या घरात प्रत्येक पदार्थ अर्धा किलो म्हणजे भरपूर, कारण शेजारून, ऑफिसातून, दोन्ही घरांतून डबे येतातच. पहिल्या वर्षीचा आमचा चिवडा तुळशीच्या लग्नानंतरही संपत नव्हता.

कंदील

विकतचा कंदील टिकतो, घडी होतो, पुढच्या वर्षी चालतो. घरचा चार दिवसांत फाटतो. तरी घरचाच करा. एकाने कामट्या धरल्याशिवाय दुसऱ्याला दोरा बांधता येत नाही, हा चार हातांचा सगळ्यात सरळ पुरावा. पतंगी कागद, मैद्याची खळ आणि आत लहान एलईडी दिवा. जुना तापणारा बल्ब घातलात तर कागद जळेल. आमच्या पहिल्या कंदिलाला पाचच बाजू जमल्या, सहावी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही.

कुठल्या दिवशी कुठे

यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारी, ८ नोव्हेंबरलाच आहे. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी पूजा. हा एक दिवस स्वतःच्या घरात ठेवा, हेच मी बहिणीला सांगितलं. नळाला पाणी कधी येणार ते आठवडाभर आधी बघून पिंपं भरून ठेवायची, नाहीतर उटणं लावून बादलीकडे बघत बसायची वेळ येते. पहाटे एकमेकांना तेल लावून द्यायला दुसरं कुणी घरात नसतं, ही गोष्ट लाजऱ्या जोडप्यांनाही सोयीची. संध्याकाळसाठी नवी केरसुणी, लाह्या, बत्तासे, धणे आणि मातीची बोळकी पुरतात. चांदीची लक्ष्मी नसली तर नाण्यावर भागतं.

९ तारीख मोकळी आहे. त्या सकाळी मंगळवेढ्याला निघायचं, म्हणजे १० ला पाडव्याच्या सकाळचा फराळ सासूबाईंच्या हातचा. त्याच संध्याकाळी बाळीवेशीत, म्हणजे जावयाचा दिवाळसण तिथे होईल आणि ११ ची भाऊबीजही. सगळीकडे थोडं थोडं जाणं होतं आणि कुणाच्याच मनासारखं पूर्ण होत नाही. दिवाळसण म्हणजे पहिला पाडवा आमच्याच दारात, असा मामीचा आग्रह आहे. तिला मी बोलले, रविवारी संध्याकाळी तूच मामांना घेऊन जा, पूजा बघ आणि जेवून ये. मामीने लगेच विचारलं, "तिच्याकडं पाट आहेत का बसायला?"

नाहीत. दोन पाट मी देणार आहे, आणि सोऱ्याही. त्याची मधली चकती मात्र तिने परत करायची, गेल्या वेळची अजून आलेली नाही.