काटा घरात होता, तरी ७,२९९ रुपये गेले

मी पतसंस्थेत सोनेतारण विभागात आहे. २२ वर्षं झाली. समोर सराफ बसतो, तो दागिना काट्यावर ठेवतो आणि मी मिलिग्रॅमपर्यंत आकडा लिहिते. वजनाशिवाय आमच्याकडे कुणाच्या मंगळसूत्रावर एक रुपया सुटत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही हसणार आहात आणि तो हक्क तुम्हाला आहे.

दिवाळीनंतर आमच्या आळीत गटारीच्या कडेला एक पिल्लू सापडलं. गावठी, मादी, काळी, छातीवर पांढरा ठिपका. मुलीने नाव ठेवलं चिंगी. जानेवारीत ती तीनेक महिन्यांची झाली, तेव्हा पोट नगाऱ्यासारखं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा आणि हिरड्या फिक्या. कुणीही सांगेल की जंत आहेत. मलाही कळत होतं. औषध कुठून आणायचं, एवढाच प्रश्न होता.

सरकारी दवाखान्यात गेले नाही असं कुणी म्हणू नये. दोनदा गेले. पहिल्यांदा कुलूप. दुसऱ्यांदा एक गृहस्थ स्टुलावर बसले होते, म्हणाले, "डॉक्टर लंपीच्या लसीकरणाला वाडीवर गेलेत. आणि कुत्र्याचं औषध इथं नसतं, जनावराचं असतं." कुत्रं जनावरात येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. खासगी डॉक्टर साताऱ्याला, म्हणजे पाऊण तास जायला, पाऊण तास यायला आणि एक रजा. अशा वेळी फोनवर "घरपोच, केमिकलविरहित, वर्षभर जंतमुक्त" अशी जाहिरात आली तर माणूस काय करणार? पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मांडीवर लॅब्रॅडॉर. मी "माहिती हवी" एवढंच लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, "नमस्कार ताई, बाळाचं नाव काय?"

बाळाचं नाव विचारतो तो डॉक्टर प्रेमळच असणार, असं मला वाटलं. असो.

६ जानेवारी, बुकिंगचे ४९९. ८ जानेवारी, वर्षभराच्या पॅकेजचे २,८००, त्यात पावडरच्या चार बरण्या. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणाला, "ताई, आमचं खातं ऑडिटला आहे." ऑडिटला खातं बंद होत नाही, हे पतसंस्थेतल्या बाईला कळू नये? कळलं होतं. पण तोपर्यंत बोटाने पिन दाबला होता.

आणि आयुर्वेदिक म्हटलं की आपला हात सैल सुटतो, हेही खरं. माझ्या सासूबाईंनी माझ्या दोन्ही मुलांना वावडिंगाचं पाणी पाजूनच वाढवलं. बरणीवर वावडिंग, कडुनिंब, लसूण, भोपळ्याच्या बिया अशी नावं होती. आई म्हणाल्या, "चांगलंच आहे की, आपलंच आहे." लसूण-कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाला मी रोज चमचाभर ते घालत होते.

चौथ्या दिवशी चिंगीच्या शीत पांढरे, लांब, बुळबुळीत दोरे आले. अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. फोटो काढून पाठवला. तिकडून लगेच, "बघा ताई! जंत पडायला लागले! एवढे मोठे आम्हीसुद्धा क्वचित बघतो." मी तो फोटो आमच्या नणंदेला पाठवला, ऑफिसातल्या दोघींना दाखवला. त्यातली एक डबा खात होती.

ते जंत नव्हते, इसबगोल होतं. पुढे साताऱ्याच्या डॉक्टरांनी बरणीतली पावडर चमचाभर पाण्यात टाकली. पाच मिनिटांत ती फुगली, चिकट झाली, काडीने ओढली तर दोरा निघाला. पोटातून बाहेर येताना तेच दिसतं. आमचे सासरे रोज रात्री इसबगोल घेतात, घरात डबा आहे, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. खरे गोलकृमी शेवयांसारखे असतात, टोकं निमुळती, ताजे असले तर वळवळतात. पट्टकृमीचे तुकडे शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे चिकटलेले दिसतात. आणि चिंगीला जे होते ते अंकुशकृमी तर नुसत्या डोळ्यांना शीत बहुधा दिसतच नाहीत. आतड्याला धरून रक्त पीत बसतात. म्हणून हिरड्या फिक्या.

१९ तारखेला शी तपासणीचे ८५०. एक पोरगा मोटारसायकलवर येऊन काडेपेटीत नमुना घेऊन गेला आणि दोन तासांत फोनवर रिपोर्ट आला. लाल अक्षरात "यकृतात जंतांचा गंभीर प्रादुर्भाव". ते लाल अक्षर बघूनच माझे हातपाय गळाले, वरचं काही वाचलंच नाही. वर लिहिलं होतं: नर, वय ४ वर्षे. शीच्या तपासणीत जंतांची अंडी दिसतात, यकृत दिसत नाही, हे तरी कळायला हवं होतं. २० तारखेला यकृताच्या टॉनिकचे १,२५०.

आता २४ जानेवारी. ही तारीख मी विसरणार नाही.

संध्याकाळी सात वाजता "डॉक्टर" स्वतः आले. कोट नव्हता, जर्किन होतं. बॅगेतून बाटली काढली, तिच्यावर गाईचं चित्र. मी विचारलं, अगदी स्पष्ट विचारलं, "हे गाईचं औषध ना?" तो हसला. "ताई, औषध तेच असतं. फक्त डोस वेगळा."

डोस वेगळा. हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कशावरून वेगळा? वजनावरून. आणि चिंगीचं वजन? त्याने विचारलं नाही. तिला उचलूनसुद्धा बघितलं नाही. ओट्यावर माझा स्वयंपाकाचा काटा होता, दिवाळीत चकलीच्या भाजणीसाठी घेतलेला, पाच किलोपर्यंतचा. तो माणूस त्या काट्याला कोपर टेकून सिरिंज भरत होता. मी समोर उभी होते, हातात चहाचा कप. रोज मिलिग्रॅम लिहिणारी मी. "किती किलोला किती?" एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत, कारण तो डॉक्टर आणि मी ताई. एक मिली, पूर्ण. १,९०० रुपये रोख. चहा पिऊन गेला.

ते इंजेक्शन आयव्हरमेक्टिन होतं, एक टक्क्याचं, गुराढोरांना देतात ते. त्यात एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं आणि गाईला ते ५० किलोला एक मिली द्यायचं असतं. चिंगी ४ किलो २०० ग्रॅमची. नंतर मी तारणाच्या कोऱ्या पावतीच्या मागे हिशोब मांडला. गाईच्या हिशेबानेसुद्धा मिलीच्या दहाव्या भागाहून कमी बसत होतं. त्याने बाराएक पट दिलं.

रात्री अकराला ती उठली आणि दारू प्यायल्यासारखी मागच्या पायांवर झुलायला लागली. तोंडातून लाळ. तुळशीवृंदावनावर डोकं आपटलं, मागे सरकली, परत तिथेच आपटलं. बॅटरी डोळ्यावर मारली तर बाहुली मोठीच्या मोठी, हलेना. तिला दिसत नव्हतं. त्या माणसाला फोन लावला, सात वेळा. आठव्यांदा मेसेज आला, "जंत मरताना अशी रिअॅक्शन येते. घाबरू नका. गूळपाणी द्या."

पहाटे साताऱ्याला नेलं. म्हातारे डॉक्टर होते, टेबलावर घ्यायच्या आधीच विचारलं, "वजन किती हिचं?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी काट्यावर ठेवली आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. या विषबाधेवर उतारा नाही, सलाईन द्यायचं, ऊब द्यायची आणि वाट बघायची. तीन दिवस, ४,६४० रुपये. चौथ्या दिवशी मी खोलीत शिरले तर तिची मान माझ्या पायाबरोबर फिरली. यांच्यासमोर मी रडत नाही, त्या दिवशी रडले. हे म्हणाले, "बारा हजारांत गाय आली असती." आली नसती, पण आमच्याकडे सांत्वन असंच करतात. (आकडा ११,९३९.)

ती सावरल्यावर डॉक्टरांनी शी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, अंकुशकृमीची अंडी दाखवली आणि गोळी लिहून दिली: प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेबँटेल. १० किलोला एक, म्हणून अर्धी त्या दिवशी आणि अर्धी पंधरा दिवसांनी, कारण अंगात लपलेल्या अळ्या पहिल्या फटक्यात मरत नाहीत. गोळी ७० रुपयांची. ज्यासाठी मी ७,२९९ घातले ते काम ७० रुपयांचं होतं. या धंद्याचं मूळ मला यातच दिसतं. खरं औषध इतकं स्वस्त आहे की त्यात लुबाडायला जागाच नाही, म्हणून पॅकेज विकावं लागतं आणि भीती विकावी लागते.

मग तक्रारी. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न केला, "कुत्रं मेलं का?" नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मी विसरणार नाही. मग म्हणाले, "पैसे मोबाईलवरून गेले ना? मग सायबर." सायबरचं काम बघणाऱ्या साहेबांनी सांगितलं, "माणूस घरी आला होता ना? चहा पण प्यायला? मग हे लोकल." तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत अदखलपात्र नोंद करून हातात कागद दिला. औषधांचं बघणाऱ्या कार्यालयात बिल आणि बॅच नंबर मागितला. बाटली तो घेऊन गेला, बिल त्याने कधी दिलंच नाही. पावडरची बरणी दाखवली तर तिच्यावर उत्पादकाचा पत्ताच नव्हता, म्हणून "कारवाई कुणावर करायची ते सांगा." आणि कळस म्हणजे डॉक्टरांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्या कार्यालयाचं उत्तर: तक्रार लेखी द्या, सोबत संबंधिताचा नोंदणी क्रमांक जोडा. अहो, त्याच्याकडे नोंदणी क्रमांक नाही, हीच तर तक्रार आहे! नोंदणी नसताना जनावरांवर उपचार करायचे नाहीत असा १९८४ चा कायदा आहे. तो मला माहीत झाला, आता आणखी कुणाला माहीत करून द्यायचा तेवढं सांगा.

माझीही चूक आहे. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या, तासाभरात. मी केला २६ जानेवारीला, आणि तोवर खात्यात काय राहणार? कुणाचे गेले तर लाजत बसू नका, आधी फोन करा.

माझ्या शेजारणीने शाळेत मुलांना मिळालेली अल्बेंडाझोलची गोळी कुत्र्याला अर्धी करून दिली होती, तिला मी आता रस्त्यात अडवून बोलले. तीही देऊ नका, कुत्र्याच्या अस्थिमज्जेला ती झेपत नाही. कॉली जातीचं किंवा तसलं संकर असलेलं कुत्रं असेल तर आयव्हरमेक्टिनचं नावसुद्धा काढू देऊ नका, त्यांच्यातल्या कित्येकांना गावठी कुत्र्याला चालणारा डोसही जिवावर बेततो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं जंतांचं औषध पिल्लाला दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी, आणि दर वेळी नवं वजन. काटा लहान पडला तर स्वतः वजनाच्या काट्यावर उभं राहा, मग कुत्र्याला घेऊन उभं राहा, वजाबाकी करा. तांदळाच्या कण्या दिसल्या तर पिसवांचा बंदोबस्त आधी, नाहीतर गोळी महिनाभरात वाया. अंगणातली शी त्याच दिवशी उचला, पोरं अनवाणी खेळतात आणि अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शिरतात. गोळीचं नाव न सांगणाऱ्याला, पट्टी न दाखवणाऱ्याला उंबऱ्याच्या बाहेरच ठेवा. चहा तर अजिबात देऊ नका.

परवा त्याच नंबरवरून मेसेज आला. "नमस्कार ताई! चिंगीचा पुढचा डोस बाकी आहे. जुन्या ग्राहकांना १० टक्के सवलत." नंबर चालू, फोटो तोच, लॅब्रॅडॉर तोच. मी प्रिंट काढून ठाण्यात गेले. अंमलदार म्हणाले, साहेब बंदोबस्ताला आहेत, सोमवारी या. सोमवारी गेले. साहेब यात्रेच्या बंदोबस्ताला.