आठ हजारांचे परीक्षण: एका बॅटरी चार्जरच्या पेटंट अर्जाचा अनुभव

पेटंट परीक्षणासाठी, म्हणजे आपला शोध पेटंटला पात्र आहे का हे पेटंट कार्यालयाकडून तपासून घेण्यासाठी, भरलेले शुल्क बहुतेक लघुउद्योजक सरकारी खर्चाच्या रकान्यात टाकून विसरून जातात. ई-रिक्षांच्या लिथियम बॅटऱ्यांसाठी बनवलेल्या चार्जरचा अर्ज आमच्या नाशिकच्या कारखान्याने केला, तेव्हा मीही तेच केले होते. आता पेटंट हाती आल्यावर हिशेब मांडला, तर अर्जाचा मसुदा करणाऱ्या पेटंट एजंटची फी, अर्जातील आकृत्या काढणाऱ्या चित्रकाराचे बिल आणि परीक्षणाचे शुल्क या तिन्हींत सर्वांत कमी पैशांत सर्वाधिक उपयोगाची ठरलेली गोष्ट परीक्षणाची होती, आणि म्हणूनच हे परीक्षणाचे परीक्षण लिहीत आहे.

आधी उपकरणाविषयी सांगणे आवश्यक आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १६ सेलची मालिका जोडली की ५१.२ व्होल्टची बॅटरी होते आणि प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टला नेला की पूर्ण चार्ज ५८.४ व्होल्टला होतो. साधा चार्जर आधी ठराविक प्रवाह देतो, मग ठराविक व्होल्टेज धरून ठेवतो आणि प्रवाह पुरेसा उतरला की थांबतो. निफाडच्या बाजूला जानेवारीच्या पहाटे, उघड्या अंगणात लावलेल्या रिक्षेला हा हिशेब मानवत नाही, कारण गार सेलमध्ये जोराने प्रवाह ढकलला तर ग्राफाइटवर धातुरूप लिथियम साचू लागते आणि बॅटरीचे आयुष्य कमी होते. आमचा चार्जर म्हणून अधूनमधून प्रवाह क्षणभर तोडतो, व्होल्टेज किती उतरते ते पाहून सेलचा अंतर्गत रोध काढतो आणि पुढचा प्रवाह त्यानुसार ठरवतो. यात एक बारकावा आहे. प्रवाह तोडताक्षणी उतरणारे व्होल्टेज एका प्रकारच्या रोधाचे असते, त्यानंतर सावकाश उतरणारे दुसऱ्या प्रकारचे, आणि थंडीत हा दुसरा भाग लांबतो. त्यामुळे विराम किती वेळाचा असावा हेसुद्धा आमच्या चार्जरमध्ये तापमानच ठरवते.

लघुउद्योग म्हणून नोंदणीचा पुरावा फॉर्म २८ सोबत जोडल्यास शुल्कात मोठी सवलत मिळते. साध्या परीक्षणाच्या विनंतीला, म्हणजे फॉर्म १८ ला, ४,००० रुपये पडतात. आम्ही जलद परीक्षणाचा फॉर्म १८अ भरला आणि त्याला ८,००० रुपये लागले. मोठ्या कंपन्यांना याच दोन फॉर्मसाठी अनुक्रमे २०,००० आणि ६०,००० रुपये मोजावे लागतात. अर्ज एरवी १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो आणि प्रसिद्धीशिवाय परीक्षण होत नाही, म्हणून २,५०० रुपयांचा फॉर्म ९ भरून प्रसिद्धीही लवकर करून घेतली. या घाईची किंमत पुढे कळली.

पहिला परीक्षण अहवाल, ज्याला या क्षेत्रात सगळे एफईआर म्हणतात, तो आला तेव्हा कारखान्यात थोडी शोककळाच पसरली. पहिल्या पानावरच्या तक्त्यात नावीन्य, शोधात्मक पायरी (म्हणजे शोध जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसणे), औद्योगिक उपयोग असे रकाने असतात आणि प्रत्येकापुढे कोणत्या दाव्यांना, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या क्रमांकित वाक्यांना, हरकत आहे ते नोंदलेले असते. आमच्या शोधात्मक पायरीपुढे जवळजवळ सगळे दावे होते. परंतु पुढची पाने शांतपणे वाचली, तेव्हा लक्षात आले की परीक्षकाने आमचे उपकरण आमच्या एजंटपेक्षा नीट समजून घेतले आहे. डी१ या जुन्या दस्तऐवजात प्रवाह तोडून रोध मोजणे होते आणि डी२ मध्ये तापमान पाहून प्रवाह कमी करणे होते. या दोन्ही गोष्टी एकत्र करणे त्या क्षेत्रातील कुशल माणसाला सहज सुचेल, असा परीक्षकाचा मुद्दा होता आणि आमचा पहिला दावा ज्या शब्दांत लिहिला होता, त्या शब्दांपुरता तो बरोबरच होता.

त्या दाव्यात ‘चार्जिंग नियंत्रित करणारे साधन’ आणि ‘योग्य कालावधीचा विराम’ असे शब्द होते. योग्य म्हणजे किती, असा प्रश्न अहवालात स्पष्टतेच्या हरकतीखाली विचारलेला होता, आणि हाच प्रश्न मी स्वतः मसुदा वाचताना विचारायला हवा होता. त्याखेरीज पेटंट कायद्याच्या कलम ३(के) चीही हरकत होती, की हे सारे निव्वळ गणनपद्धती किंवा संगणक प्रोग्राम आहे आणि म्हणून पेटंटला अपात्र आहे. ही हरकत मला आजही पूर्ण पटलेली नाही; प्रवाह खरोखर तोडणारा मॉस्फेट, प्रवाह मोजणारा शंट रोधक आणि तापमान मोजण्यासाठी बॅटरीला चिकटवलेला थर्मिस्टर या काही कागदावरच्या आकडेमोडी नव्हेत. तरी हे भाग दाव्यात नावाने लिहिलेलेच नव्हते, तेव्हा दोष कोणाला द्यायचा?

मसुदा ज्या एजंट कार्यालयाने केला, त्याचे नाव घेत नाही. त्यांची फी सरकारी शुल्काच्या अनेकपट होती आणि कामही वेळेत झाले, पण चाचण्यांची आमची वही मराठीत होती आणि अर्ज मात्र इंग्रजी किंवा हिंदीतच द्यावा लागतो. वहीतले चार्जरचे वर्णन इंग्रजीत गेले. कोणत्या तापमानाला किती मिलिसेकंदांचा विराम द्यायचा याचा दोन पानी तक्ता मात्र ‘नंतर लागला तर घालू’ म्हणून बाजूला राहिला. पेटंट कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मूळ अर्जात नसलेली माहिती नंतर घालता येत नाही आणि सुधारलेला दावा आधीच्या दाव्यांच्या कक्षेतच बसावा लागतो, हे एजंटाला ठाऊक नसेल असे मी मानत नाही. आम्ही तरलो ते केवळ चौथ्या दाव्यामुळे. तापमानावरून विरामाचा काळ ठरवण्याचे एक वाक्य तिथे कसेबसे शिल्लक होते, आणि डी१, डी२ या दोन्हींत ते कुठेच नव्हते.

उत्तरासाठी ६ महिने मिळतात आणि आणखी ३ महिन्यांची मुदतवाढ शुल्क भरून घेता येते. आम्ही चौथा दावा पहिल्यात मिसळला, ‘योग्य’ हा शब्द काढला, सर्व भागांची नावे घातली आणि परीक्षकाने सुचवल्याप्रमाणे चित्रांतील क्रमांक कंसात दिले. कलम ३(के) चा मुद्दा उरला म्हणून सुनावणी झाली. ती परीक्षकासमोर नसते, अर्जावर निर्णय देणाऱ्या नियंत्रकासमोर असते आणि व्हिडिओवर होते, म्हणून मुंबईला अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयापर्यंत जावे लागले नाही. मी कारखान्याच्या मागच्या खोलीत उघडा चार्जर टेबलावर ठेवून बसलो होतो आणि थर्मिस्टरची तार कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. अशा दाखवण्याला दावा मानत नाहीत हे माहीत होते, पण तेवढ्याने प्रश्न नेमके झाले. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणे द्यायचे असते. ते आम्ही नवव्या दिवशी दिले आणि पेटंट मंजूर झाले. कक्षा पहिल्या मसुद्यापेक्षा अरुंद आहे, पण कोणी आव्हान दिले तर टिकेल असे मला वाटते, आणि पहिल्या मसुद्याविषयी मी असे म्हणू शकलो नसतो.

तो दोन पानी तक्ता तेवढा बाहेर राहिला. त्यासाठी नवा स्वतंत्र अर्ज करावा, तर लवकर प्रसिद्ध करून घेतलेला आमचा स्वतःचाच अर्ज शोधात्मक पायरीच्या आड येतो. कायद्यात यावर पेटंट ऑफ ॲडिशनची सोय आहे: मूळ शोधातील सुधारणेसाठी ते मिळते, केवळ मूळ शोधाशी तुलना करून शोधात्मक पायरी नाही म्हणून ते नाकारता येत नाही, वेगळे नूतनीकरण शुल्क लागत नाही आणि त्याची मुदत मूळ पेटंटबरोबर संपते. तो अर्ज गेल्या महिन्यात दुसऱ्या एजंटामार्फत दाखल केला. या वेळी मसुद्यातले आकडे वहीच्या पानांशी ओळ न् ओळ ताडून पाहिल्यावरच मी सही केली.