बार्सिलोनात गाइड लावायला एकच दिवस: गाउदी की मोन्जुइक?

गाइडवर एकाच दिवसाचे पैसे घालायचे असतील तर बार्सिलोनात दोन वाटा आहेत. एक वास्तुकार गाउदीची: साग्रादा फामिलिया हे चर्च, मग पासेच दे ग्रासिया रस्त्यावरची कासा बात्यो आणि कासा मिला ही त्याची घरं. दुसरी मोन्जुइक टेकडीची: पायथ्याशी वास्तुकार मीस व्हान डर रोहचं पॅव्हेलियन (प्रदर्शनाचं दालन), वर चित्रकार जोआन मिरोचं संग्रहालय.

बहुतेक जण डोळे झाकून पहिली घेतात. माझं मत उलटं आहे. गाउदी बघाच, पण गाइड मोन्जुइकला लावा.

साग्रादा फामिलियाचं बांधकाम १८८२ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते गाउदीच्या हाती आलं आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेनं तो गेला तेव्हाही डोंगराएवढं काम बाकी होतं. आत शिरलं की मान आपोआप वर जाते. खांबांना झाडासारख्या फांद्या फुटतात. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या केशरी-तांबड्या, त्यामुळे सकाळी आत गारवा वाटतो आणि दुपार कलली की नुसता जाळ. हे कुणी समजावून सांगायला लागत नाही, ऑडिओ गाइड पुरतो. कासा मिलाच्या माळ्यावर टांगलेल्या साखळ्यांचं एक मॉडेल आहे, खाली आरसा. आरशात बघितलं की साखळ्यांचा झोळ उलटा होऊन कमानी दिसतात, आणि डोक्यावर तशाच विटांच्या कमानींची रांग. झालं, कळलं! (गाउदीचीच बाग, पार्क ग्वेल, एका दिवसात कोंबू नका. तिथल्या बाकांवरचे फरशांचे तुकडे बघून आपल्या गच्चीवरचं चायना मोझॅक आठवेल, ते निराळंच.)

पॅव्हेलियनचं तसं नाही. १९२९ च्या प्रदर्शनासाठी जर्मनीनं बांधलेली ही वास्तू पुढच्याच वर्षी मोडली; आजची त्याच जागी नव्यानं उभारून १९८६ मध्ये पुरी झाली. आत मांडलेलं जवळजवळ काहीच नाही. पहिल्या खेपेला मी दहा मिनिटांत बाहेर आलो, मनात एकच: एवढंच? दुसऱ्या खेपेला गाइडनं ऑनिक्स या शोभेच्या दगडाच्या भिंतीपुढे उभं केलं आणि दगडांमधला आडवा सांधा दाखवला. तो भिंतीच्या बरोबर मध्यावर आहे, साधारण आपल्या डोळ्यांच्या रेषेत. तो दिसला की फरशी आणि छत एकमेकांची प्रतिबिंबं वाटू लागतात. मीसची सहकारी डिझायनर लिली राइख हे नावही मी तेव्हाच ऐकलं. या कामात तिचा वाटा मोठा, पण श्रेय मीसच्या नावावर.

मिरोच्या संग्रहालयातही तेच. काचेआड शिल्पकार काल्डरचं कारंजं आहे, पाण्याचं नाही, पाऱ्याचं. पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून काच. ते १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्पेनच्या दालनात होतं, पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्रासोबत. त्या दालनाच्या दोन वास्तुकारांपैकी एक, सेर्त, यानंच पुढे हे संग्रहालय बांधलं; ते १९७५ मध्ये उघडलं. कारंज्यातला पारा स्पेनमधल्या अलमादेनच्या पाऱ्याच्या खाणींची आठवण म्हणून, तेव्हा स्पेनच्या यादवी युद्धात त्या खाणींवर बंडखोर जनरल फ्रँकोच्या फौजेचा डोळा होता. हे सांगणारं कुणी नसेल तर नुसती चकाकी बघून पुढे जाल.

सोबत लहान मुलं असतील तर मात्र गाउदीच. रिकाम्या संगमरवरी दालनात ती तुम्हाला उभं राहू देणार नाहीत. आईवडिलांच्या गुडघ्यांची काळजी असेल तर चढ टाळा, प्लासा एस्पान्या चौकातून १५० नंबरची बस मिरोपाशी जाते. साग्रादा फामिलियाचं वेळेचं तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढून ठेवा. आणि हाती आलेला दिवस सोमवार असेल तर मिरो बंद, म्हणजे प्रश्नच मिटला.