लाइनमनचा गुडघ्याचा ब्रेस: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनमनचा, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या ओळीत उभं राहून प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्याचा, गुडघा जातो तो बहुतेकदा तिसऱ्याच माणसामुळे. लाइनमन समोरच्याशी भिडलेला असतो, बुटाचे खिळे टर्फमध्ये रुतलेले असतात, आणि शेजारच्या झटापटीतून सुटलेला 130-140 किलोंचा कुणीतरी बाहेरच्या बाजूने त्याच्या पायावर येऊन आदळतो. पाऊल जागचं हलत नाही, गुडघा आत मोडतो आणि आतल्या बाजूचं एमसीएल लिगामेंट (अस्थिबंध) ताणलं जातं किंवा फाटतं. हिंजवाला, म्हणजे बिजागरी असलेला, ब्रेस मुख्यतः या एका अपघातासाठी आहे. त्याची किंमत करताना हाच अपघात डोळ्यांसमोर ठेवायचा. बाकीची आश्वासनं बॉक्सवर छापलेली असतात, तिथेच राहू द्यावीत.

बाजारात दोन प्रकार दिसतात. एकात फक्त बाहेरच्या बाजूला दांडी आणि हिंज असतं. याचा मूळपुरुष म्हणजे 1970 च्या दशकाच्या अखेरीस ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचे ट्रेनर जॉर्ज अँडरसन यांनी काढलेला ब्रेस. त्या संघाचा चेंडू फेकणारा खेळाडू (क्वार्टरबॅक) केन स्टेबलरच्या नावावर कोटी करून त्याला ‘अँडरसन नी स्टेबलर’ म्हणत. हलका, घालायला सोपा आणि स्वस्त. पण आजच्या वजनांना आणि आजच्या वेगाला तो अपुरा पडतो, शिवाय पायावर फिरतोही लवकर. लाइनवर खेळणाऱ्याने तो घेऊ नये.

दुसऱ्या प्रकारात आत-बाहेर दोन्हीकडे दांड्या असतात आणि मांडीला व नडगीला धरणारी कडक चौकट असते. डॉनजॉय, ब्रेग, ऑसर या कंपन्यांचे ब्रेस याच जातीचे. चौकट अ‍ॅल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची. कार्बन हलका असतो, पण अ‍ॅल्युमिनियमची चौकट जाणकाराला थोडी वाकवून पायाला बसवता येते आणि जाडजूड पायांच्या बाबतीत ही सोय मोठी आहे. हिंज बहुकेंद्री असावं, म्हणजे आत दोन दातेरी चाकं एकमेकांवर फिरणारी. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच खिळ्याभोवती फिरत नाही. वाकताना त्याचा आस सरकत जातो. एककेंद्री हिंज त्या सरकण्याशी भांडतं आणि दर वाकण्यागणिक ब्रेस थोडा थोडा खाली ढकलला जातो.

खाली सरकणं हाच या ब्रेसचा खरा रोग. लाइनमनची मांडी वर रुंद, खाली निमुळती. त्यावर घाम. एका सामन्यात 60-70 स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव), प्रत्येक स्नॅपला खाली बसून उसळी. ब्रेस दोन-तीन सेंटिमीटर उतरला की हिंजचं केंद्र गुडघ्याच्या आसापासून सुटतं, खालची कड नडगीत रुतते आणि धक्का आला तर दांडी तो भलत्याच जागी झेलते. अशा ब्रेसला संरक्षण म्हणण्यात अर्थ नाही. तो नुसता पायात अडकवलेला धातू.

म्हणून माप नीट घ्यावं. वाटीच्या मध्यापासून 15 सेंटिमीटर वर मांडीचा घेर, 15 सेंटिमीटर खाली पोटरीचा घेर, शिवाय गुडघ्याची रुंदी. मोजताना पाय सरळ, मांडीचा स्नायू आवळलेला. दोन्ही पायांची मापं वेगळी घ्यावीत, ती क्वचितच सारखी येतात. मांडी एका मापात आणि पोटरी दुसऱ्या मापात बसत असेल तर तयार ब्रेसच्या वाटेला जाऊच नये.

पट्ट्यांचा क्रम तर अर्धे खेळाडू चुकतात. बऱ्याच ब्रेसच्या पट्ट्यांवर आकडे छापलेले असतात, ते शोभेचे नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून गुडघा साधारण 45 अंशांत ठेवावा. हिंजचं केंद्र वाटीच्या मध्यापेक्षा किंचित वर आणि पायाच्या मध्यरेषेच्या थोडं मागे येऊ द्यावं. आधी गुडघ्यामागचा, पोटरीच्या फुगवट्याच्या लगेच वरचा पट्टा घट्ट आवळायचा. अख्खा ब्रेस त्या फुगवट्यावर टेकून उभा राहतो. त्यानंतर बाकीचे पट्टे आकड्यांप्रमाणे. होतं असं की आधी मांडीचे पट्टे करकचून ओढले जातात, कारण तिथे ताण जाणवतो आणि बरं वाटतं. मग तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मांडी भरून येते आणि ब्रेस तरीही उतरलेला असतोच. पट्टे बांधल्यावर दहा-बारा बैठका, थोडं किक-स्लाइड (अडवताना मागे सरकण्याची पावलं), आणि मग परत एकदा आवळणं. कापड आणि फोम दबल्यावर पहिली पकड ढिली पडते.

हिंजच्या आत, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या गाद्या वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. त्या दोन्हीकडून सारख्या टेकायला हव्यात. एका बाजूला बोट सहज जात असेल तर धक्क्याच्या वेळी गुडघा आधी तेवढं अंतर आत येणार आणि मगच दांडी काम सुरू करणार. जाड गादी घालायला दोन मिनिटं लागतात, तरी हे काम फार थोडे लोक करतात.

पाय पूर्ण सरळ होण्याआधी अडवणाऱ्या छोट्या पाचरी हिंजमध्ये बसतात: 0, 10, 20, 30 अंश वगैरे. कारखान्यातून पुष्कळदा 10 अंशांची घालून येते. गुडघा धडधाकट असेल आणि रन-ब्लॉकिंगला (चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी वाट काढताना) मागच्या पायाने पूर्ण रेटा द्यायचा असेल तर ती बोचते. पण गुडघा उलटा ताणला जाण्याचा इतिहास असेल तर बदलायची की नाही हे डॉक्टरने ठरवावं. आतल्या आणि बाहेरच्या हिंजमधली पाचर सारख्याच अंशाची हवी. वेगवेगळ्या बसवल्या तर चौकट पीळ खाते.

उपयोग किती, यावर संशोधनाचा निकाल सरळ नाही. 1987 मध्ये अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने सरसकट वापराचा फायदा सिद्ध झालेला नाही असं म्हटलं होतं. 1990 मध्ये वेस्ट पॉइंट या सैनिकी अकादमीच्या सुमारे 1,400 कॅडेट्सवरचा अभ्यास आला. त्यात ब्रेसवाल्यांना गुडघ्याच्या दुखापती कमी झाल्या, पण ठळक फरक दिसला तो बचाव करणाऱ्या खेळाडूंत! नंतर 1994 च्या बिग टेन या कॉलेज-संघांच्या गटातल्या अभ्यासात लाइनवरच्यांचे आकडे ब्रेसच्या बाजूने झुकले. पळणाऱ्या-झेलणाऱ्या खेळाडूंचे मात्र नाहीत. कॉलेजचे बरेच संघ लाइनमनना दोन्ही पायांत ब्रेस घालायला लावतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये सक्ती नाही, आणि तिथे पोचलेले कित्येक जण तो काढून टाकतात. वेग कमी होतो ही त्यांची तक्रार खोटी नाही.

कोणी घालावा? ओळीच्या मधल्या सेंटर आणि गार्ड यांनी डोळे झाकून. माणसांचा ढीग त्यांच्याच पायांशी पडतो. अडचण होते ती पुल करून, म्हणजे आपली जागा सोडून, बाहेर धावणाऱ्या गार्डला. त्याला वजन जाणवतं, पण परत येताना तोच ढिगाच्या कडेला सापडतो, तेव्हा सवय करून घेतलेली बरी. ओळीच्या टोकाला उभ्या टॅकलची बाहेरची बाजू बरीचशी मोकळी असते. त्याने आतल्या पायाला तरी नक्की घालावा, कारण गार्डच्या बाजूने कोसळणारा त्याच्याच पायावर येतो. नियमांचा आधार थोडाच आहे. एनएफएलने 2016 मध्ये चॉप ब्लॉक, म्हणजे एकाने भिडून धरलेल्या बचावपटूच्या पायांवर दुसऱ्याने आदळणं, पूर्ण बंद केला. चुकून पडणाऱ्याला मात्र कुठलाच नियम लागू होत नाही.

खर्चाचं बोलायचं तर तयार मापाचा ब्रेस एका पायाला काहीशे डॉलर, मापाप्रमाणे बनवलेला हजाराच्या वर. हायस्कूलच्या मुलाला मापाचा करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. वर्षभरात मांडी बदलते. त्या वयात तयार ब्रेस आणि चांगला बसवून देणारा माणूस पुरतो. हायस्कूलच्या नियमांत हिंज दोन्ही बाजूंनी झाकलेलं आणि कडा गुंडाळलेल्या लागतात, तेव्हा आवरण सोबत मागून घ्यावं. कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर, शरीर ठरल्यावर, मापाचा ब्रेस परवडतो.

एसीएल या गुडघ्याच्या मध्यातल्या लिगामेंटबद्दल कुणी भुलू नये. कुणी न लागता, नुसतं वळताना पाय अडकून जे एसीएल तुटतं ते या चौकटीने थांबेल याचा भरवसा नाही. घोट्याला तर काहीच मदत नाही. आणि गुडघ्याबाहेरची दुखापत कधीही येते: एनएफएलच्या क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचा लाइनमन जो थॉमसने सलग 10,363 स्नॅप खेळले, आणि 2017 मध्ये ती मालिका तुटली ती दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू फाटल्यामुळे.

निगा मात्र रोजची आहे. वेल्क्रोच्या हुकांत गवत आणि टर्फचा रबरी भुगा बसतो, पकड निम्मी होते. जुन्या टूथब्रशने तो काढावा. गाद्या सोडवून साध्या साबणाने धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात. ओल्या गादीवर दोन दिवस खेळलं की नडगीवर पुरळ ठरलेलं. हिंजचे स्क्रू आठवड्यातून एकदा तपासून, ढिले असतील तर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब. मोठ्या धक्क्यानंतर ब्रेस सपाट टेबलावर ठेवून दोन्ही दांड्या समांतर आहेत का ते बघावं. वाकलेली दांडी हाताने सरळ करून परत घालू नये, ती बदलून घ्यावी. साइडलाइनच्या पिशवीत पोटरीच्या पट्ट्याचा एक जादा जोड ठेवावा. तुटतो तो नेहमी तोच.